माग बंद, मीटर चालू: लिनक्सवरचं अनोळखी नेट कसं शोधायचं

रात्री साडेअकराला सोलापूरच्या साखर पेठेतल्या अण्णांचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटरसमोर कुणी बसलेलं नाही, पडद्यावर काही उघडं नाही, आणि राउटरचा दिवा नुसता फडफडतोय. माग बंद आणि मीटर फिरतंय, असं कसं होईल? कुणी घुसलंय का बघ की."

अण्णांचे पूर्वी यंत्रमाग होते, आता टॉवेल-चादरींचा व्यापार आहे. बिलं, हिशेब, जीएसटीची कागदपत्रं, सगळं त्या एकाच उबंटू लिनक्सच्या मशीनवर. त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी होती. "फॉरमॅट मारा, विषय संपला," असा सल्ला त्यांना कुणीतरी आधीच दिला होता.

"अण्णा, फॉरमॅट मारू नका," मी म्हटलं. "मीटर कशामुळे फिरतंय ते आधी बघू. मी सकाळी येते."

त्या सकाळी आम्ही ज्या क्रमानं शोध घेतला तोच क्रम इथे लिहितेय. लिनक्स नुकतंच वापरायला लागलेल्यांना तो जमेल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नेट वापरणाऱ्या प्रोग्रामचं नाव कळेपर्यंत काहीही पुसायचं नाही, उडवायचं नाही, बंद करायचं नाही. नाव न कळता फॉरमॅट मारला आणि नव्या मशीनवर पुन्हा तेच सुरू झालं, तर पुढे काय करणार?

कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच. उणे चिन्ह आणि त्यापुढची अक्षरं एकमेकांना चिकटून लिहायची, त्याआधी एक जागा सोडायची. "सुडो" आला की पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून गोंधळू नका, टाइप करून एंटर दाबा.

आधी आकडा

राउटरचा दिवा लुकलुकतो म्हणजे इंटरनेट वापरलं जातंय असं नाही. घरातला मोबाईल, टीव्ही, प्रिंटर आपापसात बोलत असले तरी तो लुकलुकतो. म्हणून दिव्यावर जाऊ नका, आकडा घ्या.

ब्राउझरसकट तुम्ही स्वतः उघडलेलं सगळं बंद करा आणि टर्मिनलमध्ये "आयपी -एस लिंक" लिहा. नेटवर्कच्या प्रत्येक जोडणीचा एक गट दिसेल. "एलओ" नावाचा गट सोडून द्या, ते मशीनचं स्वतःशीच चाललेलं बोलणं असतं. केबलच्या जोडणीचं नाव बहुधा "ईएन"नं सुरू होतं, वायफायचं "डब्ल्यूएल"नं. तिथे "आरएक्स"खाली आत आलेले बाइट दिसतात आणि "टीएक्स"खाली बाहेर गेलेले. दोन्ही आकडे कागदावर लिहा, घड्याळ लावून पाच मिनिटं मशीनला हात लावू नका, मग तीच कमांड पुन्हा द्या आणि वजाबाकी करा.

पाच मिनिटांत काही शे केबी वाढले तर काळजीचं काही नाही. उबंटूमधलं नेटवर्कमॅनेजर "नेट चालू आहे ना" हे ठरावीक वेळानं एका सर्व्हरला विचारून घेतं. घड्याळ जुळवण्यासाठी पोर्ट १२३ वर विचारणा होते (पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा क्रमांक). राउटर "हा पत्ता कुणाचा?" असं घरभर ओरडून विचारतो आणि ती हाक प्रत्येक मशीनच्या आरएक्समध्ये मोजली जाते. एवढी कुजबुज निरोगी मशीनवरही असतेच, आणि ती शून्यावर आणण्याच्या नादाला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

अण्णांच्या मशीनवर पाच मिनिटांत आरएक्स ४ एमबीनं वाढलं आणि टीएक्स ६० एमबीनं. दिवसभर मशीन चालू ठेवलं तर १७ जीबीच्या घरात. ही कुजबुज नव्हती.

इथे एक गफलत हमखास होते. नेटच्या प्लॅनवर लिहिलेलं एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि प्रोग्राम दाखवतात ते बहुतेकदा मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. अण्णांचे ६० एमबी भागिले ३०० सेकंद म्हणजे सेकंदाला ०.२ मेगाबाइट, म्हणजेच १.६ मेगाबिट.

मग दिशा

आत येणारं जास्त आहे की बाहेर जाणारं, एवढ्यावरून अर्धा शोध लागतो. आत येणारं जास्त असेल तर बहुधा अपडेट, एखादं डाउनलोड किंवा मागे राहिलेला व्हिडिओ. बाहेर जाणारं जास्त असेल तर फोटोंचा किंवा फायलींचा क्लाउडवर जाणारा बॅकअप, टॉरेंट (अनेक मशीननी एकमेकांना फायली वाटायची पद्धत), नाहीतर खरंच काहीतरी गडबड. बाहेर जाणाऱ्याकडे मी नेहमीच जास्त लक्ष देते, कारण आपल्या फायली त्याच वाटेनं जातात. शिवाय अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडही अडखळतं, कारण आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच बाहेर पाठवावी लागते आणि तिलाच वाट मिळत नाही. "महिनाभर व्यापाऱ्यांशी व्हिडिओ कॉल लावला की आवाज तुटतोय," असं अण्णा बोलता बोलता म्हणाले, तेव्हा ते का होतंय हे मला कळलं.

आता नाव

तीन साधनं एकदमच घालून घ्या: "सुडो ॲप्ट इन्स्टॉल नेटहॉग्ज आयएफटॉप व्हीएनस्टॅट". फेडोरा लिनक्सवर ॲप्टच्या जागी डीएनएफ.

"सुडो नेटहॉग्ज" लिहिलं की प्रोग्रामवार तक्ता येतो: कोण, किती पाठवतोय, किती घेतोय. त्यात असताना "एम" दाबलं की सेकंदाच्या वेगाऐवजी आतापर्यंतची बेरीज दिसते. बाहेर पडायला "क्यू". बहुतेकांचा शोध इथेच संपतो, कारण सर्वांत वरच्या ओळीत ब्राउझर किंवा अपडेट आणणारे स्नॅपडी, ॲप्ट यांपैकी एकाचं नाव असतं.

अण्णांच्या मशीनवर मात्र तक्ता जवळजवळ रिकामा. सगळ्यात वरची ओळ सेकंदाला ९ केबी, आणि आमच्या कागदावर २०० केबी. अण्णा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "म्हणजे चोर लपलाय की."

लपला नव्हता, आम्हीच चुकीच्या दाराशी उभे होतो. नेटवर माल न्यायच्या दोन मुख्य पद्धती आहेत: टीसीपी आणि यूडीपी. नेटहॉग्ज मुळात टीसीपी मोजतं. पण आजकाल यूडीपीवरून बरंच काही जातं: व्हिडिओ कॉल, गेम, टॉरेंट, ब्राउझरचा पोर्ट ४४३ वरचा क्विक नावाचा व्यवहारसुद्धा. नेटहॉग्जच्या ०.८.७ पासूनच्या आवृत्तीत "सुडो नेटहॉग्ज -सी" असं दिलं, आणि हा "सी" मात्र कॅपिटल, तर यूडीपीही मोजलं जातं. जुन्या आवृत्तीत ती सोय नाही आणि अण्णांचं उबंटू २२.०४, म्हणजे जुनंच. कागदावरचा आकडा आणि तक्त्यातली बेरीज जुळत नसेल तर आधी यूडीपीचा संशय घ्या. अनेक जण इथेच अडतात आणि मशीनमध्ये अदृश्य व्हायरस आहे असं धरून बसतात.

मग आम्ही "सुडो आयएफटॉप -एन" लावलं. हे प्रोग्रामचं नाव सांगत नाही, पण आपलं मशीन कोणत्या पत्त्याशी किती बोलतंय ते जिवंत दाखवतं. "पी" दाबलं की पोर्टचे आकडेही येतात. पडद्यावर वीस-पंचवीस पत्ते, सगळे वेगवेगळे, प्रत्येकाकडे थोडं थोडं जातंय, आणि आपल्या बाजूला एकच पोर्ट सगळीकडे: ५१४१३.

पोर्ट कळला की नाव दूर नसतं. "सुडो एसएस -टीयूएपीएन" ही कमांड पाठच करून ठेवा. टी म्हणजे टीसीपी, यू यूडीपी, ए सगळे, पी प्रोग्राम, एन म्हणजे पत्ते आकड्यांतच. यादी लांब येते. ५१४१३ शोधत मी खाली उतरत गेले. यूडीपीची ओळ, अवस्था "अनकॉन", आणि उजव्या टोकाला अवतरणचिन्हांत "ट्रान्समिशन-जीटी", पुढे पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळालेला क्रमांक, ४१२७.

नाव अर्धवट वाटलं म्हणून घाबरू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोग्रामचं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो. "ट्रान्समिशन-जीटीके"ची इंग्रजी अक्षरं सोळा, म्हणून शेवटचं "के" कापलं गेलं. अर्धवट नाव तसंच इंटरनेटवर शोधलं तर काहीही मिळतं आणि भीती वाढते. पूर्ण वाट बघायची असेल तर "सुडो एलएस -एल /प्रॉक/४१२७/एक्झी" लिहा. ४१२७ च्या जागी तुमचा पीआयडी. प्रोग्रामची फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे ते दिसतं. तिथे "/यूएसआर/बिन" आलं म्हणजे तो प्रोग्राम बहुधा रीतसर इन्स्टॉल झालेला आहे.

"पीएस -एफपी ४१२७" दिल्यावर तो सुरू झाल्याची वेळ दिसली: सकाळी अण्णांनी लॉगिन केलं तीच. म्हणजे कुणीतरी तो आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत टाकला होता. "स्टार्टअप ॲप्लिकेशन्स" उघडलं तर तिथे ती नोंद, खिडकी न उघडता सुरू होण्याच्या सूचनेसकट.

अण्णांनी पुतण्याला फोन लावला. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं लिनक्स मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, टॉरेंटवरून उतरवली होती, आणि आपल्याला मिळालं तसं इतरांनाही मिळावं म्हणून ती वाटायला ठेवली होती. ट्रान्समिशन हा टॉरेंटचाच प्रोग्राम, तो नेमून दिलेलं काम इमानेइतबारे करत होता. "बरं काम आहे ओ काका," पुतण्या म्हणाला. "काम चांगलं आहे रे, पण घरातल्याला सांगून करावं की," अण्णा म्हणाले.

पत्ते वाचताना

तुमच्या यादीत वेगळे पत्ते असतील. १९२.१६८ नं, १० नं किंवा १७२.१६ ते १७२.३१ नं सुरू होणारे घरातलेच. १२७ नं सुरू होणारा म्हणजे तुमचं मशीन स्वतः. उबंटूत नावाचा पत्ता शोधणारी सेवा १२७.०.०.५३ वर बसते, म्हणून तो सतत दिसतो. २२४.०.०.२५१ पोर्ट ५३५३ आणि २३९.२५५.२५५.२५० पोर्ट १९०० ही प्रिंटर, टीव्ही वगैरेंनी एकमेकांना शोधायची ठिकाणं.

बाहेरच्या पत्त्याचं नाव "डिग -एक्स" आणि पुढे पत्ता लिहून विचारता येतं. उत्तराच्या शेवटी "१ई१००.नेट" आलं तर ते गूगलचं मशीन. एकावर शंभर शून्यं म्हणजे गूगोल, त्यावरून ते नाव. ९१.१८९.९१ आणि १८५.१२५.१९० नं सुरू होणारे पत्ते उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचे आहेत, अपडेट तिथून येतात.

पण पत्त्याच्या मालकावरून निकाल देऊ नका. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या जागेत चांगले-वाईट दोन्ही भाडेकरू असतात, आणि पत्ता फक्त इमारतीच्या मालकाचं नाव सांगतो. म्हणून मी पत्त्यापेक्षा प्रोग्रामच्या नावाला जास्त वजन देते. आणि कुठला देश दिसला म्हणून तर अजिबात घाबरू नका.

आलं आणि गेलं, तर

बघायला बसावं तर सगळं शांत, आणि उठलं की पुन्हा सुरू. अशा वेळी व्हीएनस्टॅट कामी येतं. ते मागे बसून मोजत राहतं. एक दिवस जाऊ द्या आणि "व्हीएनस्टॅट -एच" द्या, तासावार तक्ता येतो. "व्हीएनस्टॅट -५" दिलं की दर पाच मिनिटांचा. वेळ कळली की "सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स" लावून त्या वेळेला कुणाचा गजर होता ते पाहा, आणि "जर्नलसीटीएल --सिन्स यस्टरडे"मध्ये त्या मिनिटाच्या नोंदी वाचा.

गजरांच्या यादीत ॲप्ट-डेली आणि ॲप्ट-डेली-अपग्रेड दिसतील. स्नॅप या उबंटूच्या दुसऱ्या इन्स्टॉल पद्धतीची अपडेटं वेगळी असतात आणि ती मुळात दिवसातून चार वेळा तपासली जातात. ॲप्टचे गजर चुकले तर वाया जात नाहीत, मशीन सुरू झालं की मागचा हुकलेला गजर वाजतो. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी लाईट जाते, मशीन बंद पडतं, तासाभरानं लाईट येते आणि मशीन चालू करताच नेट गच्च होतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

हे अपडेट बंद करू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल आणि दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपत असेल, तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला "मीटर्ड" अशी खूण करा, आणि स्नॅपसाठी "सुडो स्नॅप सेट सिस्टिम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड" द्या. मग स्नॅपची अपडेटं घरच्या वायफायची वाट बघतात.

ब्राउझर बंद केल्यावरही नेट चालत असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये "बंद केल्यावरही मागची ॲप्स चालू ठेवा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो काढा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी "अबाउट:प्रोसेसेस" लिहिलं की कोणता टॅब काम करतोय ते दिसतं.

खरोखर काळजी करायची वेळ

प्रोग्रामची वाट "/टीएमपी" किंवा "/डेव्ह/एसएचएम" या तात्पुरत्या जागांमध्ये निघाली, तर थांबा. साधे प्रोग्राम तिथून सहसा चालत नाहीत. वाटेपुढे "डिलीटेड" लिहिलेलं असेल तरीही लक्ष द्या, पण नुकतंच अपडेट झालं असेल तर भल्या प्रोग्रामपुढेही ते दिसतं. मशीन पुन्हा सुरू करून बघा. चौकटी कंसात "केवर्कर"सारखं नाव घेऊन कर्नलचं सोंग आणणारेही असतात. खऱ्या कर्नल धाग्याचा पालक पीआयडी २ असतो आणि त्याच्या "एक्झी"ला वाट नसते. नेट फार नाही पण पंखा दिवसभर किंचाळतोय आणि प्रोसेसर शंभर टक्के, तर कुणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टोची नाणी खणत असण्याची शक्यता आहे.

आणखी तीन ठिकाणं बघा. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, म्हणजे "क्रॉनटॅब -एल"मध्ये, तुम्ही न लिहिलेली ओळ आहे का. घरच्या फोल्डरमधल्या ".एसएसएच/ऑथोराइज्ड_कीज" फाइलमध्ये अनोळखी किल्ली आहे का (एसएसएच म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय). आणि एसएसच्या यादीत "लिसन" अवस्थेतली कोणती ओळ ०.०.०.० वर आहे; तशी ओळ म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठी उघडं दार. पोर्ट २२ तिथे असेल आणि एसएसएच तुम्ही वापरतच नसाल तर ती सेवा काढून टाका.

गडबड आहे अशी खात्री पटली की केबल काढा, वायफाय बंद करा. मशीन लगेच पुसू नका, पडद्याचे फोटो काढून ठेवा. फक्त कागदपत्रं आणि फोटो पेनड्राइव्हवर घ्या, प्रोग्राम घेऊ नका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. मगच नवीन लिनक्स घाला; फॉरमॅटची खरी वेळ ही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

बंद केल्यानंतरही

आम्ही ट्रान्समिशन नीट बंद केलं, स्टार्टअपमधून काढलं, आणि आयएफटॉप उघडलं. पत्ते अजून दिसत होते! अण्णा माझ्याकडे बघायला लागले. पण आता बाण एकाच दिशेला होते, सगळे आत येणारे, आणि प्रत्येक जेमतेम काही बाइटांचा. जगभरच्या ज्या मशीनना अण्णांचा पत्ता माहीत झाला होता ती अजून विचारत होती, "आहेस का?" दुकानाला कुलूप लागलं तरी जुनी गिऱ्हाइकं येऊन शटर वाजवतातच. उत्तर मिळत नाही म्हटल्यावर ती हळूहळू गळतात, त्याला काही तास लागतात, कधी एखादा दिवसही. घाई असेल तर राउटर बंद करून चालू करा. बऱ्याच जोडण्यांना त्यानंतर नवा पत्ता मिळतो.

अण्णांनी राउटर बंद केला नाही, बघत बसले. दुपारी काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली, तेव्हा यादीत सात पत्ते उरले होते. रात्री अकराला अण्णांनी कागदाचा फोटो पाठवला: पाच मिनिटांत आरएक्स २१० केबी, टीएक्स ९० केबी. खाली निळ्या पेनानं लिहिलं होतं, "माग बंद, मीटर बंद."